पेढे मागल्या दारानं

बाईंपुढं कशाचीही तारीफ करायची सोय नव्हती. "भूमची एसटी आताशा वेळेवर येते," असं कुणी सहज बोललं तरी बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "कितीपैकी?" म्हणजे दहा दिवसांपैकी किती दिवस. अमक्याच्या दुकानातलं लोणचं वर्षभर टिकतं म्हणावं, तर किती बरण्यांपैकी? तमक्याचा मुलगा पहिला आला म्हणावं, तर वर्गात पोरं किती? त्यांचा कंपाउंडर एकदा म्हणाला, "आमची बायको कधी खोटं बोलत न्हाय," आणि बाईंनी मान वर करायच्या आत जीभ चावून बाहेर पळाला.

बाई म्हणजे धाराशिवच्या डॉक्टरीणबाई. उंच, हाडकुळ्या, शिक्षण हैदराबादेत झालेलं, लग्न केलेलं नाही. सुती पातळ, त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. बोलणं आपल्याकडचंच, पण मधूनच 'नक्को' आणि 'फिकीर' यायचं. बाळंतपणं करणारे डॉक्टर गावात आणखीही होते. बाईंकडं मात्र ज्यांना मूल होत नाही अशी जोडपी यायची, लोहाऱ्यापासून भूमपर्यंतची. आम्ही भूमकडचे. सहा वर्षं आम्ही त्यांच्याकडं जात होतो आणि एवढ्या काळात त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. कुणाचं काय दुखणं ते बाहेर बसलेल्यांना कळू नये म्हणून त्या कुणालाच नावानं बोलवत नसत. गावावरून नाहीतर धंद्यावरून पुकारा व्हायचा. मी 'डेअरीवाले' होतो.

आता माझा धंदा सांगायला हवा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. मी दूध संघात कामाला होतो, आमच्या घराण्यातला पहिला पगारी माणूस. काम कृत्रिम रेतनाचं. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात चांगल्या वळूचं वीर्य, आणि तो थर्मास सायकलला बांधून मी गावोगाव हिंडायचो. गाय माजावर आली की लोक निरोप धाडायचे. मला सगळे 'सुईवाला' म्हणत. माझ्या हातची वासरं तालुकाभर उड्या मारतात आणि माझ्याच घरचा पाळणा रिकामा, ही थट्टा पारावर रोज व्हायची. मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला?

दवाखाना कोर्टामागच्या बोळात होता, दोन खोल्यांचा. दारावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'जोडीने येणे. एकट्या बाईला तपासले जाणार नाही. सासूबाईंसाठी बाहेर बाक आहे.' बाक खरंच होता, लिंबाच्या झाडाखाली. ज्यांना वाचता येत नसे त्या सासवा पाटी कुणाकडून तरी वाचून घेत, संतापत आणि अखेर बाकावर बसत. आत पेशंटला हातांची खुर्ची मिळे आणि बाई स्वतः स्टुलावर. औषध कंपन्यांची माणसं दरवर्षी गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर देऊन जात, ते बाईंनी भिंतीकडं तोंड करून टांगलेलं असे. "पोरींना बारा महिने हेच बघत बसायला लावू काय?" त्या म्हणायच्या. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं चार रकाने आखलेले होते: आले, झालं, येतात, गेले.

पेढ्यांचाही एक कायदा होता. ज्यांच्या घरी पाळणा हलला ती माणसं पेढे आणणारच, त्यात आमचा भूमकडचा खवा म्हणजे काय विचारता. पण पेढे पुढच्या दारानं आणायला मनाई होती. मागल्या दारानं यायचं, मोरीच्या अंगानं. बाई हातातलं काम टाकून मागं जात, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या उभ्या एक पेढा खात, बाळाच्या टाळूवर हात ठेवत आणि आलेल्यांना त्याच वाटेनं परत धाडत. एका बागाइतदारानं एकदा हलगीवाला आणला. बाई कॅनव्हासच्या बुटांनी धावत बोळाच्या तोंडाशी गेल्या आणि हलगी तिथंच थांबवली. "आत सहाजणी बसल्यात," त्या म्हणाल्या. "तुमची हलगी तुम्ही घरी घेऊन जाल. त्यांच्या कानात ती महिनाभर वाजंल."

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती. बाईंनी बायकोला काहीच विचारलं नाही. मला विचारलं, "काय करता?" मी सांगितलं, जरा ऐटीतच सांगितलं. बाईंना भलताच आनंद झाला. त्यांनी स्टूल पुढं ओढलं.

"मग सांगा, गाय उलटली तर आधी काय तपासता?"

गाय गाभण न राहता पुन्हा माजावर आली की आमच्या धंद्यात 'उलटली' म्हणतात. मी सवयीनं बोलून गेलो, "आदी थर्मास बगतो. बर्फच इतळला असंल तर गाईचा काय दोष?"

बाईंनी खणातून एक लहान काचेची बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. काय समजायचं ते मी समजलो. शेजारी बायकोनं पदर तोंडाला लावला होता, मला वाटलं रडतेय. ती हसत होती. सात वर्षं तिनं लोकांचं ऐकून घेतलं होतं, तेवढं हसू तिला माफ असायला हवं होतं. मी मात्र चिडलो आणि परतीच्या गाडीत भूमपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

दोष माझ्यात निघाला. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "बघा, तुम्हाला यातलं कळतं." मला कळत होतं. जंतू थोडे होते, आणि जे होते ते रेंगाळत होते. असला माल संघानं ओतून दिला असता. बाई म्हणाल्या, "हा गुन्हा न्हाई, दुखणं आहे. औषध देते, पण आशा मोजूनच देणार. आणि हे घरी सांगा." मी मान डोलावली. घरी गेलो आणि सांगितलं नाही.

घरी माझी माय होती. धम्मदीक्षा घेतली तेव्हा तिनं घरातले देव स्वतःच्या हातानं विहिरीत सोडले होते आणि त्याचा तिला अभिमान होता. पण नातवाच्या बाबतीत तिची पंचाईत झाली होती. "देव सोडले तवा काय वाटलं न्हाय," ती म्हणायची, "पर आता गाऱ्हाणं घालायचं कुणापुढं?" ती वाट बंद म्हणून तिनं दुसरी धरली. माझ्या मामाची मुलगी बघून ठेवली. "पगारदार माणूस हाय माजं लेकरू, दोन बायका पोसंल," असं ती चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणायची आणि बायको तिथंच भाकरी थापत असायची. 'तुमच्या लेकाला इचारा' एवढं एकदा ती बोलली असती तरी विषय मिटला असता. ती बोलली नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि मीही बोललो नाही. चार महिने. आज इतक्या वर्षांनीही ते चार महिने आठवले की मला माझी लाज वाटते.

त्या वर्षी पाऊस नव्हता. आदल्या वर्षीही नव्हता. ज्वारी कमरेएवढीही झाली नाही आणि कडब्याच्या गंजी दिसेनाशा झाल्या. आणि अशा वर्षात संघाच्या सभेत माझ्या केंद्राचा निकाल सगळ्यांत चांगला निघाला. आमचा हिशोब सोपा होता. सुई दिलेली गाय तीन आठवड्यांनी उलटून आली नाही की ती गाभण धरायची. माझ्याकडं जवळजवळ एकही गाय उलटून आली नव्हती. चेअरमनसाहेबांनी मला हार घातला. बाईंना हे सांगायची मला कोण घाई झाली होती, कारण निदान या एका बाबतीत तरी माझा आकडा चांगला होता.

बाईंनी ऐकून घेतलं. "ज्या आल्या न्हाईत त्या कुठं आहेत?"

"गाभण हायत की."

"बघितल्या?"

मी रागारागानंच बघायला गेलो. गोठ्यांतली दावी मोकळी पडलेली. कुणाची गाय छावणीत होती, कुणी येईल त्या भावात विकून टाकली होती, कुणाची चाऱ्याविना मेली होती. एक म्हातारी दारात बसली होती. तिनं मोकळ्या खुंट्याकडं बोट केलं आणि मला विचारलं, "आता हिला सुई देतूस का, बाबा?" गाई उलटल्या नव्हत्या, कारण उलटायला त्या राहिल्याच नव्हत्या. त्याबद्दल मला हार मिळाला होता.

पुढच्या खेपेला मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर बोट ठेवलं. "तुमच्यासारखा रिपोर्ट असलेली एकवीस जोडपी माझ्याकडं आली. चौघांना मूल झालं. आठजण येतात. नऊजण यायचे बंद झाले. तुमच्या संघाच्या रीतीनं मी म्हणू शकते, आले न्हाईत म्हणजे त्यांना झालं असंल. मग एकवीसपैकी तेरा. केवढी पाटी लावता येईल मला बोळाच्या तोंडाशी!"

"अन् तुमच्या रीतीनं?"

"एकवीसपैकी चार. नऊजण कुठं गेले ते कळंपर्यंत चारच."

ते कळावं म्हणून बाई 'गेले' रकान्यातल्या प्रत्येकाला जवाबी पोस्टकार्ड टाकायच्या. गावात कार्ड टपालवाल्यापासून सगळे वाचतात, म्हणून मजकूर फक्त दोन शब्दांचा: 'खुशाली कळवा.' उत्तर आलं नाही तर रविवारी एसटीनं स्वतः जायच्या. तिथं जाऊन मूल झालं का असं विचारत नसत. पोरगी कुठं आहे, असं विचारत. "त्या नवांतल्या दोघी माहेरी धाडून दिलेल्या सापडल्या," बाई आम्हाला म्हणाल्या. "तिसरीच्या डोक्यावर सवत आहे. तिघींच्याही नवऱ्यांचे रिपोर्ट माझ्या कपाटात पडलेत." मग त्या माझ्याकडं वळल्या. "डेअरीवाले, घरी सांगितलं का तुम्ही?"

बायको खाली बघत होती. तिच्याकडं बघूनच बाईंना उत्तर मिळालं. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. तसं काही झालं नाही. "पुढच्या खेपेला आईला घेऊन या," एवढंच त्या म्हणाल्या. "बाक मोकळा आहे."

त्या बाकावरच मी मायला सांगितलं. बायको आत बसली होती. "माय, दोष माज्यात हाय. कागद हाय तसा."

माय बराच वेळ लिंबाच्या काड्या मोडत बसली. मग म्हणाली, "म्या चार महिने तिला टोचून बोलत व्हते, तवा तू कुठं व्हतास?"

"तितंच व्हतो."

ती उठली, पाटीबिटी न जुमानता आत गेली आणि सगळ्यांच्या देखत सुनेपुढं उभी राहिली. तिला माफी मागायची सवय नव्हती. तिनं आपल्या पदरानं सुनेचं तोंड पुसलं, उगीचच, तोंडाला काही लागलेलं नसताना. "म्या बी तुळजापूरच्या गाडीत बसले व्हते एकदा," ती म्हणाली. "नवस बोलाया. इतं धाराशिवला उतरले अन् माघारी आले. कुणाला सांगितलं न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मामाला पत्र टाक. पोरीला दुसरं ठिकाण बगा म्हणावं."

त्यानंतर माय दर खेपेला आमच्याबरोबर यायची आणि बाकावर हक्कानं बसायची. नवीन सासू आली की पहिला प्रश्न हाच: "पोराचं तपासलं का आदी?" चार सासवा तिच्याशी भांडल्या, पण बऱ्याच ऐकायच्या. बाई एकदा म्हणाल्या, "माझी अर्धी प्रॅक्टिस तुमची आईच बाहेर बसून करते." "अर्धी म्हंजे कितीपैकी?" मी विचारलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

बायकोला बाईंनी थर्मामीटर दिलं होतं. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी अंगातली ऊब मोजायची आणि चौकटीच्या कागदावर ठिपका देऊन त्याला गोल करायचा. ती सातवी शिकलेली. पण तिचे ठिपके असे नेमके असत की बाई ते कागद दुसऱ्या पोरींना दाखवायच्या. एकदा पाळी लांबली आणि ठिपके वरच राहिले. बायकोनं पाण्याची कळशी उचलणं बंद केलं, मायनं शेजारणीकडून चिंचेचं बुटुक आणलं आणि मी सायकल जपून चालवायला लागलो, जशी काही तीही पोटुशी होती. पंधराव्या दिवशी ठिपका खाली आला, पाळी आली. तो कागद मी पाहिला नव्हता. तिनं तो दाखवला तेव्हा खालच्या ठिपक्याभोवतीही तिनं नीट गोल केलेला होता. त्या दिवशी मी फार रडलो.

बाकीचे डॉक्टर पाठीवर थाप मारतात. बाई दरवर्षी आम्हाला आमच्या आशेचा आकडा सांगायच्या, आणि मग चहा मागवायच्या. आकडा दरवर्षी लहान होत गेला. त्याच सुमारास टेस्ट ट्यूब बेबीची बातमी पेपरात आली. मी पेपर घेऊन धावतच गेलो. बाईंनी बातमी दोनदा वाचली, पान उलटून मागंही बघितलं.

"झालेल्या बाळाचा फोटो आहे. कितीपैकी ते छापलं न्हाई."

"म्हंजे जाऊ नगं म्हनता?"

"जा की. मी कोण अडवणार? नवी वाट आहे, कुणाला तरी उपयोग होईलच. पण विचारून जा." त्यांनी चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले: आले किती, झालं किती, गेले ते कुठं आहेत.

ती चिठ्ठी बायकोनं गाडीत वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि वडगावचा फाटा गेल्यावर म्हणाली, "बास झालं आता. मला थर्मामीटर धरून उठायचा कटाळा आलाय. एखाद्या दिवशी नुसतंच उठावं वाटतंय." आम्ही जाणं थांबवलं.

दोन महिन्यांनी कार्ड आलं. 'खुशाली कळवा.' उत्तरात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून कार्ड तसंच फळीवर राहिलं. तिसऱ्या रविवारी दुपारच्या एसटीतून पांढरे कॅनव्हासचे बूट खाली उतरले.

मायनं त्यांना आमच्या घरातली एकुलती खुर्ची दिली. बाई मुद्दाम उंबऱ्यावर बसल्या आणि खुर्चीवर मायला बसवलं. चहा पिऊन झाल्यावर पिशवीतून पेन्सिल काढली. "कोणत्या रकान्यात लिहू?"

"गेले लिवा, बाई," बायको म्हणाली.

बाईंनी लिहिलं नाही. त्या कोनाड्यातल्या वहीकडं बघत होत्या. दुष्काळातल्या त्या फजितीनंतर ती वही बायको ठेवायची. माझ्या सुईच्या गाई कुणाकुणाच्या, त्यातली कोणती गाभण, कोणती विकली, कोणती मेली, हे ती घरोघर जाऊन स्वतः बघून यायची. माझा निकाल त्यामुळं निम्म्यावर आला होता आणि संघाचे साहेब माझ्यावर नाराज होते. बाईंनी वही चाळली.

"मॅट्रिक का केलं न्हाईस तू?"

"लगीन झालं."

"आता?"

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. सतरा नंबरचा फॉर्म, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा. म्हणजे त्या घरूनच तयारीनं आल्या होत्या. "फिकीर नक्को," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं तू जे केलंस त्यात पास होणं तुझ्या हातात नव्हतं. यात आहे."

पहिल्या वर्षी इंग्रजीत गेली. गणितात नाही, हे मुद्दाम सांगतो. दुसऱ्या वर्षी निकाल लागला, आणि माय स्वतः भूमला जाऊन पेढे घेऊन आली. गावात वाटले. मग बायको म्हणाली, बाईंना देऊन येऊ.

आम्ही तिघंही गेलो. मायनं नेहमीप्रमाणं बाक गाठला. आम्ही दोघं रिवाजाप्रमाणं बोळाला वळसा घालून मागल्या दाराशी गेलो, कारण हातात पेढे होते. मोरीजवळ उभे राहून कडी वाजवली. बाईंनी दार उघडलं, पुडा बघितला आणि बायकोकडं बघितलं. त्यांना क्षणभर काही उलगडेना. बायकोनं मार्कांचा कागद पुढं केला. बाईंनी तो चष्मा वर करून सगळा वाचला, विषयवार, आणि या एका वेळी 'कितीपैकी' विचारलं नाही. ते कागदावर होतंच म्हणा.

मग म्हणाल्या, "इथून नक्को. पुढनं या."

"बाई, पेढे हायत," मी म्हणालो.

"दिसतंय मला. पुढनं या."

आम्ही पुन्हा वळसा घालून पुढच्या दारानं आत गेलो. पाच-सहा जोडपी बसलेली. पुडा बघून त्या बायकांनी माना खाली घातल्या. ते खाली बघणं मला ओळखीचं होतं, आम्ही सहा वर्षं तसंच बघितलं होतं. बाई आतून आल्या आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. दवाखान्यात त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ही सहा वर्षं इथं येत होती. तुम्ही बसलाय तिथंच बसायची. हिला मूल झालं न्हाई. मॅट्रिक झाली, आणि घरी बरी आहे. नवरा आहे बरोबर, सासू बाहेर बाकावर आहे. पेढे आणलेत. घ्या."

कुणी हलेना. मग कोपऱ्यातली एक पोरगी, वीस-बावीसची असेल, तिनं हात पुढं केला. पेढा घेतला, पण खाल्ला नाही. बायकोकडं बघत राहिली. "ताई," तिनं हळूच विचारलं, "न्हाई झालं तरी घरी ठेवत्यात?"

"आमच्यात ठेवलं," बायको म्हणाली. "म्या एकीचंच सांगू शकते." आणि ती तिच्याजवळ जाऊन बसली.

त्या दिवशी मला बाप झाल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. तसं लिहिलं तर बाई जिथं असतील तिथून विचारतील. पण माझी बायको त्या खोलीत मान वर करून बसली होती आणि ते बघताना मला फार बरं वाटलं, इतकं की मी बाहेर जाऊन मायजवळ बाकावर बसलो. दार उघडं होतं. बाईंनी स्टूल पुढच्या खोलीत आणलं, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसून सावकाश एक पेढा खाल्ला. मग दुसरा घेतला.